लॅमिनेशन

ऐरोलीत, सेक्टर पंधराच्या नाक्यावर
दुपारपासून माझं मशीन थंड झालेलं नाही.
एका गुणपत्रिकेचे पाच रुपये,
वर कुणाकुणाचा पेढा.

तू सगळे गेल्यावर आलास, निनाद.
फोन पुढे केलास, पालथा.
भौतिकशास्त्र, एकवीस.
वाचलं मी. मोठ्याने नाही.

कागद गरम निघाला.
"आत्या, लॅमिनेट करून टाक," म्हणालास,
फोटोला हार घालायला सांगावं तसं.

नाही रे.
प्लास्टिकात गेलं की त्यावर
पुढचा शिक्का बसत नाही.
जुलैचा फॉर्म भरू, पण आज नको.
आज ते कटर घे, स्टूल ओढ,
या ओळखपत्रांच्या कडा काप.
अगदी रेघेवर नको,
जरा बाहेरून.
पाणी शिरतं नाहीतर.