कुत्र्याचा गुडघा

पेरेइरात रात्री अकरा वाजले
की दुसऱ्या मजल्यावरची सात नंबरची खोली माझी.
कधीच कुणी न झोपलेला एक पलंग,
भिंत कॅमेऱ्याला दिसते तेवढीच गुलाबी,
त्यापलीकडे उघडं सिमेंट
आणि विल्मेरचा बंद पडलेला कूलर.

दिवा लावण्याआधी मी वही उघडते.
चौकटींची, मुलाच्या गणितातून उरलेली.

अंग दाखवणाऱ्या हजार आहेत,
विल्मेर पहिल्याच दिवशी म्हणाला होता,
गिऱ्हाईक टिकतं ते लक्षात ठेवलं तर.
म्हणून लिहिते:
कोल्हा एकाहत्तर. रात्रपाळी. बायकोचा विषय काढायचा नाही.
एमरिक. विनिपेग. लिफ्ट दुरुस्त करतो. बहिणीशी अबोला.
दाढीवाले आजोबा. कुत्रा मॉरिस, गुडघ्याचं ऑपरेशन मंगळवारी.

माझं तिथलं नाव सेलेस्ट.
युरलेदी फक्त आई म्हणते,
माझा गाऊन इस्त्री करताना,
आणि बाही नीट उलटी करून ठेवते.

प्रेमाची वही नाही ही, खतावणी आहे.
डावीकडे त्यांची दुखणी, उजवीकडे मिनिटं.

एका बुधवारी झोप डोळ्यांवर होती,
पान चुकलं.
मॉरिसचा गुडघा कसा आहे,
मी विचारलं, नको त्या माणसाला.

स्क्रीनवर बराच वेळ काहीच आलं नाही.
मिनिटं तेवढी पडत राहिली.
गाऊन खांद्यावरून अर्धा उतरलेला,
तो वर घ्यावा की खाली सोडावा, कळेना.

या धंद्यात हा एकच गुन्हा:
प्रत्येकाला वाटायला हवं,
की वहीत पान एकच आहे.

मग अक्षरं आली,
यंत्राने स्पॅनिश केलेली, थोडी लंगडत:
माझ्याकडे कुत्रा नाही.
कधीच नव्हता.
आणि खाली:
पण मग त्याचं काय झालं?

मी सांगितलं. टाके. मानेभोवती प्लास्टिकचं नरसाळं,
त्यातून पाणी पिताना होणारा आवाज.
जिना आला की मालक उचलून नेतो,
मालकाचेच गुडघे सत्तर वर्षांचे.
एमरिक म्हणाला, खांदा झाकून घे, बोलताना गार लागेल.
चाळीस मिनिटं झाली.
विल्मेरने दार वाजवलं, आतून
काहीच ऐकू कसं येत नाही म्हणून.

त्यानंतर दर बुधवारी तो आधी मॉरिसचं विचारायचा.
मग माझं. मग कधीतरी,
लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्यावर
वरचा उजेड पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो, ते.
बहिणीचं एकदाच. मी वहीत लिहिलं नाही.

मार्चमध्ये आजोबा यायचे थांबले.
नावाशेजारचा हिरवा ठिपका विझला, एवढंच.
इथे कुणी निरोप घेऊन जात नाही,
आणि मी कुठल्या दारात जाऊन विचारू?
पत्ता म्हणून माझ्याकडे एक कुत्रा होता.

बुधवार आला. एमरिकने विचारलं.
ठाऊक नाही म्हणता आलं असतं.
मी म्हटलं, आज जिना उतरला.
एकटा.

खोटं बोलायचे पैसे मला रोज मिळतात.
हे कशात धरायचं, डावीकडे की उजवीकडे?

त्याने वर जास्तीचे टोकन पाठवले,
सोबत दोन शब्द: मॉरिसच्या गोळ्यांना.
स्टुडिओने नेहमीप्रमाणे निम्मे कापले,
कुत्र्याच्या औषधातलेसुद्धा.

आता मॉरिसला स्वतःचं पान आहे.
त्याला मासे आवडत नाहीत. गडगडलं की तो टेबलाखाली जातो.
हे माझं आहे, मी टेबलाखाली जायचे.

अकराला सात मिनिटं कमी.
दिवा लावायचा राहिलाय, मी मागची पानं चाळतेय:
ऑपरेशन डाव्या गुडघ्याचं होतं की उजव्या?
कुठेच लिहिलेलं नाही.

त्याला आठवत असेल.