तळहात वर

अकोट्याच्या पुलावर रेती सांडली होती,
कुणाच्या तरी डंपरची, कुणाच्या तरी घरासाठीची.
गाडी माझी. चालवत मीच होते.
आधीच सांगते, कारण सगळे विचारतात,
मागे बसली होतीस ना?

नव्हते.
ब्रेकवर पाय, पुढे आकाश, मग आडवा पूल,
आणि हात आपोआप पुढे.
हात टेकले म्हणतात ते असं:
दोन्ही, एकदम, डांबरावर.
डॉक्टर पंचोली फोटो उजेडापुढे धरून म्हणाले,
मनगटं गेली म्हणून तोंड राहिलं, बेन.
तोंडाने तेव्हा आभार मानले नाहीत.

उजव्यात दोन तारा, डाव्याला कोपरापर्यंत प्लास्टर.
मे महिना.
प्लास्टरच्या आत मुंगी नव्हती.
रात्रभर ती चालायची.

पहिल्या रात्री संडासाच्या दाराशी आम्ही दोघं उभे.
एकवीस वर्षांत इतके गप्प कधी नव्हतो.
शेवटी अच्युत म्हणाला,
पाणी कोमट करू का?

(अच्युत म्हणजे जो ढळत नाही.
घरात एक तरी असावा.)

छाणी रोडच्या ट्रान्सपोर्टात त्याचं आयुष्य गेलं,
त्याला गाठ येते, वेणी येत नाही.
सकाळी माझ्या पाठीशी बसून
केस सुतळीसारखे आवळतो
आणि म्हणतो, सुरतेपर्यंत सुटायची नाही.
सुटते. दुपारच्या आत, उशीवर.

बँकेत सही जुळली नाही.
कोर्टाच्या नकला करून घोटलेलं माझं अक्षर
कागदावर म्हाताऱ्या माणसासारखं
रस्ता ओलांडत होतं.
खिडकीतला मुलगा म्हणाला,
मासी, अंगूठो चालशे.
अंगठा तेवढा शाबूत होता. दिला.

तोरल फिजिओ. वय सव्वीस, आवाज मऊ, दया नाही.
म्हणते, हथेळी उपर.
तळहात खाली वळतो.
थापणं, ढकलणं, झाकणं,
नको म्हणणं, सगळं जमतं.
वर वळत नाही.
अर्ध्यात उभा राहतो, भिंतीला टेकवलेल्या पाटासारखा,
आणि आतून कुणीतरी गंजलेलं दार लावून घेतं.

मला वाटायचं, हात पसरायला
फक्त लाज सोडावी लागते.
तोरल मोजपट्टी लावून सांगते,
पस्तीस अंश.

खंडेराव मार्केटात रमीलाबेन सुट्टे पैसे धरते,
मी पिशवी पुढे करते.
ती न बघता आत टाकते.
घरी टोमॅटोंच्या खाली सापडतात
दोनाची नाणी, ओली.

रोज हातोडी दांड्याला धरायची
आणि तिच्या वजनाने हात बाहेर कलू द्यायचा.
अच्युत शेजारी चहा घेऊन आकडे मोजतो, चुकतो.
चाळीस. बेचाळीस. एक आठवडा बेचाळीसच.
नवरात्रात सगळं गाव टाळ्या देत गोल फिरलं,
मी खुर्चीत, माझी टाळी तिरपी,
एक हात दुसऱ्याला चुकवून.

काल रमीलाबेनने सात रुपये धरले
आणि हात गेला.
मी पाठवला नव्हता.
सात रुपये, तळव्यावर, तिच्या बोटांसकट,
हळदीच्या, खरखरीत, मिरचीच्या वासाच्या.
एक नाणं करंगळीवरून निसटलं कोथिंबिरीत.
राहू दे, म्हटलं.
तिने जुड्या उचलून शोधलं.
पुन्हा पसरावा लागला.

वेणी आता मला घालता येते, वाकडी.
अच्युतला सांगितलेलं नाही.

गाडी पॅसेजमध्ये, जुन्या चादरीखाली.
जाता येता क्लच दाबून बघते.
अजून अर्ध्यापर्यंतच.
चादर परत ओढते,
दोन्ही हातांनी.