फडक्यावर आलेली गावं

ब्लाझेनाबाईंनी काच पुसली ओल्या फडक्यानं,
चांगल्या मनानं, आणि पुसता पुसता
अर्धा युरोप फडक्यावर आला.
ब्रातिस्लाव्हा गेलं. बुडापेस्टचं नुसतं 'पेस्ट' उरलं.
फडकं घेऊनच त्या आल्या माझ्याकडे, ओलोमोउत्सला,
बिस्किटांच्या डब्यातून.

अक्षरं काचेच्या पाठीवर असतात, मी म्हटलं,
पाण्याशी त्यांचं जमत नाही.
आणि गंमत बघा, नवी बसतात
तीही पाण्यातूनच.

काचेचा फोटो. फडक्याचा फोटो.
टाइप कुठलाच जुळेना:
त्या काळच्या 'आर'चा पाय जरा बाहेर टाकलेला,
चालता चालता थांबल्यासारखा.
तो हातानं काढला. मग सगळं उलटं केलं.
आठवडाभर मी व्हिएन्ना
उजवीकडून डावीकडे वाचत होतो.
सोनेरी शाई माझ्या यंत्राला ठाऊक नाही;
ब्रनोच्या एका पोरानं छापून दिलं,
बिअरच्या दोन खोक्यांवर.

जुना रंग खरवडला. बशीत कोमट पाणी.
तीस आकडे मोजायचे.
कागद सुटतो, आणि बोटाखाली
शहरं सायीसारखी सरकतात.
प्रागखाली हवेचा बुडबुडा अडकला,
तो सुईनं टोचला.

बाईंनी काच उजेडात धरली. बराच वेळ.
"इथली रेघ कुठंय?"

शॉर्टवेव्हच्या काळ्या पट्टीत,
जिथं कुठलंच गाव नाही,
केसाएवढी रेघ होती खरी.
चरा समजून मी ती पडद्यावर
अर्ध्या मिनिटात साफ केली होती.

काचेवरून नख फिरवलं. गुळगुळीत.
म्हणजे चरा काचेला नव्हता, रंगाला होता.
आतून.
कुणीतरी पेटी उघडली होती, काच उतरवली होती,
टाचणीनं एक रेघ ओढून पुन्हा बसवली होती,
बाहेरचं ऐकणाऱ्याला मरण आहे
अशी पाटी बटणालाच टांगलेली असायची
त्या वर्षांत.
मागचा दिवा लागला की तेवढीच उजळत असेल.
"वडील घड्याळं दुरुस्त करायचे,"
बाई इतकंच बोलल्या.

छापता आली असती.
मी सुई त्यांच्या हातात दिली.
हात थरथरला; फोटोशी ताडून पाहिलं तर
अर्धा मिलिमीटर डावीकडे.

काटा तिथं आणला. खरखर.
दोघंही ऐकत बसलो, कॉफी निवेपर्यंत.

बिल एकाच काचेचं लावलं.
फडकं न्यायला त्या विसरल्या.
खणात आहे अजून,
त्यावर थोडं काळं, थोडं सोनेरी,
आणि 'बुडा'.