होंगे, होगे

बिडीच्या अलीकडं, आमच्या शिवारात
भाद्रपद आला की गोमाशा येतात.
घरातली माशी चाटते. ही चिरते.
आधी चिरते, मग पिते,
आणि रक्ताचा एक थेंब मागं ठेवते
पुढच्या माशीला पत्ता सांगायला.

कवळीच्या पुढच्या पायांवर दहा-बारा,
सगळ्या वर तोंड करून बसलेल्या.
ती पाय आपटते. पाय आपटला की चरवी कलंडते.
चरवी कलंडली की डेअरीतला मल्लेशी
वहीत अर्धा लिटर कमी लिहितो
आणि माझ्याकडं असा बघतो, जणू मीच प्याले.

गेल्या साली दुकानातली बाटली आणून फवारली.
माशा गेल्या. दुधाला वास आला.
आढ्याचं पाकोळीचं घरटं
आठवड्यात गप्प झालं.
उरलेली बाटली परत घेऊन गेले.
दुकानदारानं बाटली घेतली, पैसे दिले नाहीत.

यंदा बांधापलीकडची फकीरव्वा म्हणाली,
"होंगे हच्च, अक्का."
मला ऐकू आलं होगे.
होगे म्हणजे धूर. एवढी कानडी येते मला,
बाजारापुरती, दवाखान्यापुरती, भांडणापुरती.
हच्च म्हणजे लाव.
म्हटलं, धूर लाव म्हणते बाई. लावला.

ओलसर शेणी, वाळका कडुनिंब, निर्गुंडीचे डहाळे,
वर दोन ओंजळी भाताचं तूस.
तिन्हीसांजेला गोठा असा भरला
की मोरी गाय दिसेना, नुसतं तिचं खोकणं ऐकू येई.
माशा आढ्याला जाऊन बसल्या, तमाशा बघत.
धूर उतरला तशा उतरल्या.
आठ दिवस सासरे विचारत होते,
काय ग, भाजी लागली का?

नवव्या दिवशी फकीरव्वा बांध ओलांडून आली.
विहिरीजवळची एक डहाळी मोडली,
माझ्या नाकाखाली धरली.
"होंगे."

करंज!
ज्याच्या सावलीत मी रोज धुणं आपटते, ते.
होगे नव्हे, होंगे.
एका टिंबाचा फरक,
गोमाशीएवढं टिंब, अक्षराच्या डोक्यावर बसलेलं.
आणि लाव तर लावच. दिवा लावायचा, तेल लावायचं,
त्यांच्यातही तसंच. मग मी अडणार कुठं?

घाण्यावरनं करंजाचं तेल आणलं,
कडू, पिवळं, हाताला तीन दिवस राहणारं.
थोडं निंबोळीचं, रिठ्याचा फेस, पाणी,
रवीनं घुसळलं. (ती रवी आता गोठ्यातच असते.)
पोटाखाली, पायांना, कानांमागं. सड सोडून.

पण तेल काय, दोन दिवसांत पुसतं.
फकीरव्वानं चपला काढल्या, उकिरड्यात शिरली,
कडेच्या कुजक्या कडब्यात मनगटापर्यंत हात घातला.
आत अळ्या, शिजल्या भातासारख्या, हलणाऱ्या.
"इल्ली," म्हणाली. इथं.

हे मात्र नीट ऐकू आलं.
महिनाभर मी गोठ्यात लढत होते
आणि बाळंतपणं इथं चालली होती,
माझ्याच कडब्यावर.

कडबा उन्हात पसरला. कोंबड्या सोडल्या.
त्यांचा तो दिवस लग्नासारखा गेला.
आता दर चौथ्या दिवशी उकिरडा खालवर करते,
मुताची चर रोज कोरडी ठेवते, पाठ मोडते.

काळ्या रंगाचं मडकं एरंडेल फासून
चिंचेला टांगलंय. मोठी गोमाशी
त्याला म्हैस समजते, येऊन चिकटते.
मल्लेशी विचारतो, ही किती देते?

काल धार काढताना चरवी हलली नाही.
एकच माशी होती, कवळीच्या पाठीवर,
शेपूट तिच्यामागं सावकाश फिरत होतं.
मी हात उचलला.
फकीरव्वा दारातून म्हणाली, "इरली बिडऽ.
बालक्क केलस ब्याडेनु?"

राहू दे, म्हणाली. शेपटीला काम नको?
बहुतेक हेच म्हणाली.