राहुई

चार दिवस रडारवर काहीच नाही.
हिरवा काटा फिरतो, फिरतो,
आणि पाण्यालाच पुन्हा पाणी म्हणून नोंदवतो.
माझी पाळी पहाटे चार ते आठ.

बेटापासून दोनशे मैल, चहूकडे,
हा समुद्र आमचा आहे असं कागद म्हणतो.
कागद ज्या शहरात आहे
तिथून हा समुद्र दिसत नाही.

जहाज नवं, राखाडी,
जिन्यात अजून रंगाचा वास.
पुढे तोफ, मागे उतारावर रबरी होडी,
पोटात शाळेची बारा बाकं, गॅसच्या टाक्या,
एक दंतवैद्य (तो निघाल्यापासून ओकतोय),
आणि शीतघरात, लोण्याच्या खोक्यांशेजारी,
पापीतेच्या इस्पितळात वारलेला माताई.
केरव्हेला, आमचा स्वयंपाकी,
लोणी काढायला जाताना
आधी दार वाजवतो.

बेट दिसलं ते
एका बाजूनं टवका उडालेल्या वाटीसारखं.
टवक्यातून आत शिरलो. नांगर टाकला.
केरव्हेलानं मागच्या कठड्यावरून गळ सोडला.
मीही सोडला, लपवायचं कशाला.
अर्ध्या तासात तीन मासे,
जाड ओठांचे, बादलीत शेपट्या आपटत.

मग रेडिओ बोलला.
बाईचा आवाज, म्हातारा, घाई नसलेला:
"राखाडी जहाज, तुमच्या माणसांना सांगा,
काळ्या खडकापासून टोकापर्यंत राहुई आहे.
दहा महिने झाले, इथे कुणी गळ टाकलेला नाही.
पोरांनीसुद्धा."

ब्रिजवर कुणी बोलेना.
गेल्याच महिन्यात एक परकी बोट धरली होती आम्ही.
नऊ टन ट्यूना, पंचनामा, सह्या, दंड.
तिच्या तांडेलाचा चेहरा आठवला मला.
कुंपण शेत खातं म्हणतात,
शेत ते बघत असतं
हे कुणी म्हणत नाही.

कमांडर बाईंनी माइक उचलला.
"चूक झाली. सोडतो परत.
दोन जिवंत आहेत. एक मेला."
पलीकडे नुसती खरखर.
मग: "मेलेल्याला घेऊन या.
वाया घालवू नका."

धक्क्यावर ती उभी होती,
विणलेली टोपी, पायांत पुरुषी बूट.
आधी बादलीत डोकावली.
मासा उचलला, वितीनं मापला,
एका पोराच्या हाती दिला:
"शाळेत ने. सगळ्यात लहान असेल त्याला."
मग आमच्या खांद्यांवरच्या पेटीकडे वळली,
आणि तेव्हा कळलं, हीच मेरेआना.
रेडिओवर तिनं एकदाही विचारलं नव्हतं
माताई आलाय का म्हणून.

पेटीवर हात ठेवला, लगेच काढला.
"गार आहे."
"हो," केरव्हेला म्हणाला,
आणि मग, न राहवून,
"मी रोज दार वाजवत होतो."
ती त्याच्याकडे बघत राहिली.
"उत्तर द्यायचा?"
"नाही."
"घरीही द्यायचा नाही," म्हणाली,
आणि पेटीच्या पुढे चालू लागली.

रात्री पुन्हा तोच काटा.
काळ्या खडकापासून टोकापर्यंतची ती रेघ
आमच्या नकाशावर नाही.
मी पेन्सिलनं काढली, फिकट,
पुसता येईल इतकीच.
कमांडर मागे कधीची उभी होती कोण जाणे.
म्हणाली, "थोडी उत्तरेला."