निळ्याखाली हिरवा

भटू सापडला तेव्हा पळत नव्हता,
सायकल हातानं ढकलत होता. चेन पडली होती.
म्हणून सापडला.

लाइटच्या खांबाला बांधला त्याला, बैलाच्या ओल्या दाव्यानं,
आणि गाव शिक्षा सुचवायला बसलं.
झिपरू आबा म्हणे, हात तोडा त्याना.
राजधर म्हणे, टक्कल करा, गधडावर बसाडा,
कळमसऱ्याच्या बस स्टँडपर्यंत मिरवा.
पोलीस पाटलानं चष्मा पुसला: तीन वर्षं आहेत कायद्यात,
पण निकाल लागेस्तोवर पोराला मिशा येतील.
हिलाल आप्पाचं एकच चाललेलं,
हाई सायकल मनी शे. मनी शे.

मला बोलावलं खूण पटवायला.
गावातली चाकं मी नुसत्या आवाजावरून ओळखतो.
सीटखालचा नंबर कुणीतरी कानशीनं घासलेला.
कुणीतरी काय, मीच.
खिशातलं ब्लेड काढून दांडीवर चालवलं.
निळा निघाला. आप्पासाठी मारलेला.
खाली हिरवा, तोही माझ्याच हातचा.
हिरव्याखाली काळा, आणि काळ्यावर पिवळ्या बारीक अक्षरांत
कु. विजया दोधू, ८ वी ब.

विजी. मारवडच्या शाळेत जायची.
सायकल गेली तेव्हा बाप म्हणाला, एवढं लांब पायी नको,
आणि पुढच्या आखाजीला ती
माहेरवाशीण म्हणून झोक्यावर बसली.

आप्पानं सातशेला घेतली माझ्याकडून.
बिल त्यानं मागितलं नाही, मी दिलं नाही.
ज्यानं मला विकली त्याला मी
नावसुद्धा विचारलं नव्हतं.
आम्हा तिघांना खांब कसा लागतो पाठीला, माहीत नाही.

गर्दी पातळ झाली.
ज्यानं त्यानं आपापली सायकल उचलली
आणि मागच्या गल्लीनं नेली, माझ्या ब्लेडसमोरून नाही.

शिक्षा नको, असं माझं म्हणणं नाही.
आठवी ब मधला एक बाक रिकामा झाला,
तो कुणाच्या तरी नावावर लिहायलाच हवा.
पण मोजायला सुरुवात कुठून?
भटूपासून वर, की माझ्यापासून खाली?

दाव्याची गाठ वाळून दगड झालेली.
ब्लेडला तिन्ही रंग चिकटले होते, तरी कापत राहिलो.
पोरानं मनगट चोळत विचारलं,
आते माले कोठे लई जाशी?

दोधूच्या घरी, म्हटलं.
तू हँडल धर.
चेन अजून लोंबतच होती, ती मी उचलून धरली,
आणि हात काळे झाले.