उदबत्तीचा धूर

गाडी एकोणऐंशी सालची, मॅटाडोर.
पूर्वी म्हापशात पाव वाहायची.
दमट दिवसांत पत्र्याला अजून आंबवणाचा वास सुटतो
असं रोहिदास म्हणतो. मला तो कधी आला नाही.

आता तिच्यात दोन बंक, एक शेगडी
आणि मागच्या कप्प्यात, लोखंडी पेटीत,
तिच्याच वयाचा जनरेटर.
दोरी ओढली की आधी खोकतो,
मग निवडून आलेल्या पंचासारखा बोलतच राहतो.

केरीच्या सुरूबनात आम्ही चारला लागलो,
तोंड समुद्राकडे, पाठ डोंगराकडे.
चाकांना दगड लावले.
मग गुडघे टेकून मी नळीखालच्या सुरूच्या सुया
हातांनी सारल्या, पार वाळू दिसेपर्यंत.
तापलेली नळी आणि वाळक्या सुया,
एवढ्यावर वणवा पेटतो.

ही नळी शिवोलीच्या इनास मेस्तानं जोडलेली,
गाडीच्या कडेबाहेर हातभर.
तळाच्या पत्र्याची गंजकी भोकंही त्यानंच बुजवली,
साबणाचं पाणी लावून एकेक सांधा तपासला,
बुडबुडा आला तिथं पुन्हा झाळलं.
जाताना म्हणाला,
“हो धुंवर सोयरो न्हय, बाये. घरांत घेवचो न्हय.”

मला सांगायची गरज नव्हती.
वीजखात्यात एकतीस वर्षं मीटर वाचले मी.
एकदा एका गॅरेजचं शटर उचललं तेव्हा
आत दोन पोरं झोपलेली, गाल गुलाबी,
जत्रेतून नुकती आल्यासारखी.
जनरेटर पेट्रोल संपून केव्हाच गप्प झालेला.
धुराला वास असतो.
त्यातलं जे मारतं, त्याला नसतो.

रोहिदासचा श्वास झोपेत वाट चुकतो.
नाकावर मास्क चढवला की यंत्र त्याला परत आणतं.
यंत्राला बॅटरी लागते, बॅटरीला जनरेटर,
जनरेटरला मी.
म्हणून तो चालू आहे तोवर आम्ही दोघं बाहेर, खुर्च्यांवर.
आत फक्त उशाशी टांगलेली पांढरी डबी
हिरवा डोळा लावून बसते.
दर पहिल्या तारखेला बोट दाबून
तिला ओरडायला लावते मी,
तरी सगळा भार तिच्यावर टाकत नाही.

पायरीजवळ वाळूत उदबत्ती खोचली आहे.
देवाला नव्हे, वाऱ्याला.
साडेआठला धूर डोंगराकडे झुकलेला.
खारा वारा आपला आहे, नळीतलं सगळं पलीकडे नेतो.
नदीपार तेरेखोलचे चार दिवे.
शेवटची फेरीबोट मध्येच घसा खाकरते.
रोहिदास पत्ते लावतो,
राजा हरवला म्हणतो, मांडीखाली शोधतो.

सव्वादहाला धूर सरळ उभा राहिला.
मी चहा खाली ठेवला.
क्षणभर काहीच नाही,
मग तो वाकला. दाराकडे.
मतलई वारा सुटला होता, डोंगरावरून,
नळीपासून आमच्या उशांपर्यंत सरळ रेषेत.

अकरापर्यंत चालवायचा बेत होता.
काट्यानं पाऊण गाठलेला.
“अजून अर्धा तास चालेल गं,” रोहिदास म्हणाला,
जसं दर वेळी म्हणतो.
मी स्विच खाली केला.

इतकी शांतता, की आधी कानच भांबावले,
मग लाटा आल्या, मग एक कुत्रा.
पेट्रोलचा कॅन दहा पावलांवर, झाडाखाली.
ते सकाळी, पेटी हाताला गार लागल्यावर.

दोन्हीकडची दारं उघडून ठेवली,
डबीचा डोळा हिरवाच आहे हे पाहिलं,
मगच त्याला आत सोडलं.
हिशेब केला: यंत्र पाचपर्यंत पुरेल.
पाचला मी त्याला उठवीन, चिडला तरी.

आता मास्कमधून त्याचा श्वास ऐकू येतो,
भरती-ओहोटीपेक्षा नियमित.
उदबत्ती दोन बोटं उरली आहे.
तिचा धूर पायरी चढून थेट आत जातो.
जाऊ दे.
हा सोयरा.